राजाला शिवी हवी

गणेशचतुर्थीला रणधवल राजाला चंद्र दिसला आणि करंजगडच्या कौलांवर संक्रांत आली.

राजाला आभाळाचा भारी नाद. राज्यात नदीवर पूल नव्हता, पण तारे बघायला उंच माडी होती. त्या संध्याकाळी तो शुक्राची चांदणी शोधत होता. शुक्र राहिला बाजूला, नेमकी चंद्रकोर डोळ्यांत शिरली. या दिवशी चंद्र बघितला की माणसावर खोटा आळ येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. उताराही ठाऊक. दुसऱ्याच्या कौलावर दगड टाकायचा, घरच्यांनी शिव्या घातल्या की दोष गेला.

राजशास्त्री म्हणाले, "महाराज, चंद्र इथून लाखो कोस लांब आहे."

"मग?"

"एवढ्या लांबून त्यानं नेमकं आपल्यालाच गाठलं, हा आपला मोठेपणा. पण शिवी खावी लागेल. आणि ती पोटातून आलेली पाहिजे."

झालं. दुसऱ्या दिवशी स्वारी निघाली. पुढे भालदार, मध्ये पालखी, मागे दगडांची बैलगाडी. राजा दगड मारी, कौल फुटे, घरधनी बाहेर येऊन हात जोडी. "काय नेम आहे महाराजांचा!" एकानं तर फुटकं कौल उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. शिवी देणार कोण? राजाला शिवी देईल त्याची जीभ छाटायची, हा राजाच्या आजोबांचा कायदा. आजोबांचा कायदा राजा मोडणार नव्हता. लोकांची कौलं मोडायला त्याची हरकत नव्हती.

दरबारात प्रधानांनी प्रयत्न करून बघितला. डोळे मिटले, घाम पुसला आणि म्हणाले, "महाराज, आपण कधी कधी... जेवायला उशीर करता."

शास्त्र्यांनी मान हलवली. ही शिवी धरता येत नव्हती.

राजा हट्टाला पेटला. त्यानं दवंडी पिटवली, "राजाला खरी शिवी मिळवून द्या. देणाऱ्याची जीभ कायद्यानं जाईल. शिवी मिळेपर्यंत रोज एक आळी फोडली जाईल."

उद्याची पाळी कुंभारआळीची होती. तिथं गोजरा राहायची, कौलं घडवणाऱ्याची मुलगी. घरात वहिनी ओली बाळंतीण, बाहेर पावसाची झड. पावसात भट्टी पेटत नाही, म्हणजे दिवाळीपर्यंत नवं कौल नाही. गोजरानं पाळण्याकडे बघितलं, वर छपराकडे बघितलं, इरलं डोक्यावर घेतलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, शिवी मी मिळवून देते. पोटातली."

"देणार कोण?"

"माझ्या घरचंच माणूस. दुसऱ्याची जीभ कशाला पणाला लावू?"

"कायदा माहीत आहे ना?"

"आहे. जमलं तर काय द्याल?"

"मागशील ते. फसलीस तर पहिली जीभ तुझी."

"चालेल. पण दगड एकच मारायचा, तोही पडवीवर. आणि मग मी सांगेन तसं करायचं."

दिवेलागणीला पालखी कुंभारआळीत आली. राजानं दगड मारला. गोजराची आत्या दुर्पदा तरातरा बाहेर आली. तिच्या तोंडाला आळीत कुणी लागत नसे. पण पालखी दिसली आणि तिनं पदर पसरला. "देवाचे पाय लागले बाई घराला. आणखी एक मारा की, महाराज."

राजानं गोजराकडे बघितलं. "ही शिवी?"

"दम धरा. खाली उतरा. पालखी रिकामीच पुढे जाऊ द्या, मशालींसकट. आपण भट्टीमागे थांबू."

भालदार ललकारत पुढे गेला. लोक रिकाम्या पालखीला मुजरे करत होते. राजा ते बघत चिखलात उभा राहिला, शेजारी शास्त्री. ललकारी विरली तशी पडवीतून आत्या सुरू झाली.

"गेला का एकदाचा मुडदा? वर चांदण्या मोजतो, खाली कौलं फोडतो. जन्मात एक कौल घडवलंय का यानं? बाळंतिणीच्या डोक्यावर धोंडे टाकतोय! राजा कसला, माडीवर माकड बसवलंय!"

शेजारीण कुडापलीकडून म्हणाली, "हळू बोला, आत्या."

"हळू कशाला? रोजच तर म्हणतो आपण!"

शास्त्री राजाच्या कानात कुजबुजले, "महाराज, दोष गेला. दोनदा गेला."

राजाचे कान लालबुंद झाले होते. "शिवी मिळाली. आता जीभ."

गोजरा पडवीच्या वाटेत आडवी उभी राहिली. "महाराज, आधी एवढं सांगा. आत्या बोलली ते खरं की खोटं?"

"साफ खोटं!"

"शास्त्रीबुवा, चतुर्थीचा चंद्र बघितला की काय होतं?"

"खोटा आळ येतो."

"मग आला की! दोष गेला कुठं, लागला. उद्या पुन्हा दगडांची गाडी जुंपा."

राजा घुटमळला. "आणि खरं असलं तर?"

"मग आळ खोटा नाही. दोष सुटला, तुम्ही मोकळे. खुशाल जीभ छाटा. फक्त दवंडीत नीट सांगा, आत्या राजाला माकड म्हणाली, ते खरं निघालं, म्हणून जीभ गेली."

शास्त्री आभाळाकडे बघू लागले. आभाळात ढगांशिवाय काही नव्हतं.

राजा आधी नाकातून हसला, मग पोटातून. भट्टीला टेकून हसला. आवाज ऐकून आत्या बाहेर आली, राजा दिसला आणि तिचा हात पुन्हा पदराकडे गेला.

"पदर राहू द्या, आत्याबाई," राजा म्हणाला. "मघाचं बोलणं बरं होतं. पोरी, माग काय हवं ते."

"माडीवरची कौलं द्या. गावातली फुटकी छपरं सगळी शाकारून होतील."

"माझ्या माडीची? मग मी तारे कुठून बघू?"

"तिथूनच की, महाराज. तारे बघायच्या माडीला छप्पर घालायला सांगितलं होतं कुणी?"

राजाला पुन्हा हसू आवरेना. सकाळी माडीवर माणसं चढली. पहिलं कौल आत्याच्या पडवीवर गेलं, राजानं स्वतः शिडीवर चढून बसवलं.

आत्यानं खालून मान तिरकी करून बघितलं. "वाकडं बसलंय," ती म्हणाली. या वेळी तोंडावर.