मिस्त्रीच्या सात करवंट्या

फार लांब नाही आणि फार जवळही नाही, अशा एका किनाऱ्यावरच्या गावात एक म्हातारा मिस्त्री राहत होता. गाव सगळं गरवणाऱ्यांचं, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांचं. गळाच्या काठीवर दोर गुंडाळायची चकरी असते ना, तिला तिथे रीळ म्हणत, आणि रीळ अडलं की ते थेट मिस्त्रीच्या ओट्यावर येई. खारं पाणी मोठं चिवट. वरून पितळ लखलखीत दिसतं, पण आत मीठ धरतं, वंगणाची खपली होते आणि एक दिवस मूठ फिरायचं नावच घेत नाही.

मिस्त्रीच्या कामाची एक रीत होती. त्याच्यासमोर ओळीने सात करवंट्या मांडलेल्या असत. रीळ उघडलं की वरचे स्क्रू पहिल्या करवंटीत, त्याखालच्या चकत्या दुसऱ्या करवंटीत, असं करत करत अगदी आतलं बारीकसारीक सातव्या करवंटीत जायचं. मग प्रत्येक भाग रॉकेलने धुवायचा, जुन्या टूथब्रशने चाकांच्या दात्यांमधलं मीठ काढायचं, नवं वंगण बोटाच्या टोकाने लावायचं आणि सातवीपासून उलटं जोडत यायचं. शेवटी गिऱ्हाइकासमोर सातही करवंट्या एकेक करून पालथ्या घालायच्या. "बघून घे, काही उरलं नाही," असं म्हणायचं आणि मगच रीळ हातात द्यायचं. त्यात गावच्या पाटलालाही सूट नव्हती.

त्याच गावात चांगुणा नावाची बाई होती. फाटकी जाळी विणून द्यायची आणि त्यावर पोट भरायची. काम उरकलं की बापाच्या आठवणीचं रीळ काठीला लावून खडकावर जाऊन बसायची. बाप बोटीवर खलाशी होता, त्यानेच ते कुठल्याशा परक्या बंदरातून आणलं होतं.

एके सकाळी ती रीळ घेऊन आली. "तात्या, मूठ जड झालीय आणि आत कुरकुरतंय. दुपारच्या भरतीपर्यंत होईल का? खडकापाशी एक थोराड तांबोशी मासळी आलीय. दोन दिवस झाले, मला झुलवतेय."

"ठेव. जेवण करून ये," मिस्त्री म्हणाला.

त्या दिवशी नेमके ओट्यावर शहरातले एक पाहुणे बसले होते. हौशी माणूस, गरवण्याचा भारी नाद. मिस्त्रीचे हात चालताना बघून ते अगदी खूश झाले. "काय सफाई आहे मिस्त्री तुमची. माझ्या ओळखीचे शंभर रीळवाले आहेत, सगळ्यांना तुमच्याकडे पाठवतो. पण या करवंट्या कशाला? तुम्ही तर डोळे झाकून जोडाल."

आता कौतुक कोणाला आवडत नाही? म्हातारा फुलला. त्याने करवंट्या बाजूला सारल्या, सगळे भाग एकाच ताटात ओतले आणि खरोखरच बघता बघता रीळ जोडून दाखवलं. मूठ लोण्यासारखी फिरली. मागे फिरवून पाहिली तर हवी तशी जागच्या जागी अडली. चांगुणा आली, पाहुण्यांनी "फर्स्ट क्लास झालंय" म्हटलं, आणि ती भरती गाठायला लगबगीने गेलीसुद्धा. करवंट्या कोणी पालथ्या घातल्या नाहीत.

पाहुणे चहा पीत होते. मिस्त्री हात पुसायला फडकं उचलतो तर त्याला वंगणात चिकटलेली एक स्प्रिंग. केसाएवढी बारीक.

रिळाच्या आत एक चिमुकला अडसर असतो. तो दात्यात अडकतो म्हणून मूठ उलटी फिरत नाही. त्या अडसराला दात्यावर दाबून धरते ती ही स्प्रिंग. ती नसेल तर रीळ ओट्यावर शहाण्यासारखं वागतं, कारण अडसर आपल्या वजनानेच पडून राहतो. पण मोठ्या माशाने हिसका दिला की तो निसटतो, मूठ गरगर उलटी फिरते आणि तिच्यावरच्या बोटांचा चुरा करते. चांगुणाची बोटं गेली तर तिने जाळी कशाने विणायची?

पाहुण्यांनी स्प्रिंग पाहिली. ते हसले. "एवढीशी तर आहे. चालतंय ना रीळ? मग झालं. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मिस्त्री म्हणाला. पण उठायला त्याला जड गेलं, खोटं कशाला सांगा. चाळीस वर्षांचं नाव होतं त्याचं. खडकावर अर्धा गाव जमलेला असणार, आणि त्यांच्यासमोर सांगायचं की माझ्या हातून राहिलं. शिवाय पाहुण्यांचे ते शंभर रीळवाले. क्षणभर त्याला वाटलंही, राहू द्यावं झाकलेलं. मग त्याने स्प्रिंग काड्यापेटीत ठेवली, दुखरा गुडघा धरला आणि खडकाची वाट धरली. पाहुणेही मागून निघाले.

तो पोचला तेव्हा चांगुणाची काठी धनुष्यासारखी वाकली होती. तांबोशी लागली होती. लोक कडेला उभं राहून सल्ले देत होते, ते तर फुकटच असतात.

"चांगुणा, मूठ सोड," मिस्त्री लांबूनच म्हणाला. "आधी हात काढ, मग विचार."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. तिने हात काढला. त्याच क्षणी माशाने खोल बुडी मारली आणि मूठ अशी गरगरली की दिसेनाशी झाली. दोराचा गुंता झाला, ताण बसला आणि दोर तुटला.

मिस्त्रीने काड्यापेटी उघडून सगळ्यांना दाखवली. "ही माझ्याकडे राहिली. मिरवायच्या नादात रीत सोडली. चूक माझी."

कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले.

चांगुणाने तुटका दोर हाताने ओढून घेतला. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "दोन दिवस मागे होते मी तिच्या. मासा गेला, तात्या."

"गेला."

तिने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, पाची बोटं उघडमिट करून पाहिली. "बोटं राहिली," ती म्हणाली आणि रीळ त्याच्यापुढे सरकवलं.

मिस्त्री तिथेच खडकावर बसला. करवंट्या नव्हत्या, म्हणून त्याने सात मोठे शिंपले वेचून ओळीने मांडले. रीळ उघडलं, स्प्रिंग जागी बसवली, सावकाश जोडलं आणि सातही शिंपले तिच्यासमोर पालथे घातले. या वेळी कोणी हसलं नाही.

पाहुण्यांचे शंभर रीळवाले काही आले नाहीत. आठ दिवसांनी चांगुणा मात्र आली, हातात झाकलेलं वाडगं घेऊन. तांबोशीचं कालवण होतं, वर मानाचा डोक्याचा तुकडा. "तीच की दुसरी, ते मी विचारलं नाही तिला," ती म्हणाली.

मिस्त्री ओट्यावरच जेवायला बसला. शेवटचा घास संपल्यावर त्याने वाडगं उचललं आणि तिच्यासमोर पालथं घातलं. "बघून घे," तो म्हणाला, "काही उरलं नाही."

तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, पण आपली लाज राखण्यासाठी दुसऱ्याची बोटं पणाला लावू नयेत.