चाक थांबेपर्यंत

एकदा एक शिष्या चार भिंतींच्या आत बसून डोंगर चढायला शिकली. कृष्णाकाठच्या एका गावात सायकलींचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या माडीवर एक वृद्ध गुरू तरुण मुलामुलींना शर्यतींसाठी तयार करीत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. शिष्येचं नाव वृंदा.

माडीवरच्या सायकली यंत्रांवर बसवलेल्या होत्या. पायडल मारावं, मागचं चाक गरगर फिरावं आणि सायकल मात्र जागची हलू नये, अशी ती गंमत. समोरच्या पडद्यावर रस्ता पुढे सरकत असे. पडद्यात चढ आला की यंत्र आपोआप जड होई, उतार आला की हलकं. पाय किती जोर लावतात हे यंत्र मोजी आणि त्या मापाप्रमाणे पडद्यातली वृंदा पुढे जाई. दूरदूरच्या गावांतले स्वार आपापल्या खोलीतून त्याच रस्त्यावर येत आणि शर्यत रंगे.

तो घाट कुठल्याच नकाशात नव्हता. तिथे सदैव संध्याकाळ असे. खाली निळसर तळं, वर देवदारांची रांग आणि मधल्या वळणांवर धुकं. चढता चढता खोली विरून जाई, पंख्याचा वारा डोंगरावरचा वाटू लागे आणि वृंदाला आपण कुठे आहोत याचा विसर पडे. घाम मात्र अगदी खरा असे.

त्या धुक्यात तिला एक सोबतीण भेटली होती. अकोल्याच्या कुमुदताई. पिवळा सदरा घातलेली त्यांची आकृती रोज पहिल्या वळणावर थांबलेली असे. एकीने पुढे राहून पडद्यातला वारा अडवायचा, दुसरीने मागे चिकटून दम घ्यायचा, मग जागा बदलायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटत आणि दोघी बोलत. एकदा कुमुदताईंनी लिहिलं होतं, "डोळ्यांना आता कडेचं दिसत नाही गं. डॉक्टरांनी रस्त्यावरची सायकल बंद केली. माझ्यासाठी आता हाच एक घाट उरलाय." वृंदाने त्या दोघींना प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नव्हतं, कुमुदताईंना नाही आणि पडद्यातल्या वृंदालाही नाही. तरी तिघींची छान गट्टी जमली होती.

अण्णांची एक रीत शिष्यांना फार कंटाळवाणी वाटे. अंग आणि चाक दोन्ही तापली, की शर्यतीपूर्वी ते सांगत, "वेग घ्या. आता पाय सोडा. चाक आपलं आपण थांबू द्या." चाक थांबायला किती वेळ लागतो यावरून यंत्राला कळे, की ते मोकळं फिरतंय की घासून. त्यावरून ते आपलं माप दुरुस्त करी. अण्णा पडद्याकडे कधी फारसे बघत नसत. चाक थांबताना मात्र डोळे मिटून ऐकत बसत. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, माडीचा जिना रोज चढवेना, आणि ही रीत त्यांनी शिष्यांवर सोपवली.

तेव्हा वृंदाला एक शोध लागला. चाक थांबू द्यायचं सोडून दिलं, की पडद्यावरचे जोराचे आकडे वाढतात.

तिला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून ती खाली दुकानदाराकडे गेली. दुकानदार मोठा बोलका. त्याने एक महागडं यंत्र पुढे ओढलं. "यात मागचं चाक काढून ठेवायचं. साखळी थेट यंत्राला. टायरच नाही, तर तापणार काय? आतलं चक्रही जड आहे. पाय थांबवलेस तरी खऱ्या रस्त्यासारखं पुढे नेत राहतं. याचं माप थंडीत आणि उन्हाळ्यात एकच."

"आणि माझं?"

"तुझं रुळाचं. टायर लोखंडी रुळावर टेकतं, तापलं आणि घासून गुळगुळीत झालं की मोकळं होतं. यंत्र बिचारं अजून समजतं, पोरगी जड चाक ओढतेय! स्वभावाने दिलदार आहे ते." तो हसला. "गिऱ्हाईक विचारतं, अचूक कुठलं? आणि घरी नेतं ते दिलदार! अण्णांनी सांगितलंय, या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला तुला हवं ते यंत्र दे म्हणून. देऊ का हे वर पाठवून?"

"नको," वृंदा म्हणाली. "माझं मला बरं आहे."

तिने वाईट असं काहीच केलं नव्हतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. फक्त एक गोष्ट करायची सोडली होती. त्या हंगामाच्या मालिकेत ती पाहता पाहता पहिली आली. घाट तिच्यापुढे नमू लागला. धुक्यातून ती अशी तरंगत वर जाई, की मागे कोण राहिलं हे बघायचं सुद्धा भान नसे.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती माथ्यावर पोचली आणि कोपऱ्यात अक्षरं उमटली. "वृंदा, माझे पाय संपले बहुतेक. पूर्वी तुझ्याबरोबर चढत होते, आता दुसऱ्या वळणालाच तू दिसेनाशी होतेस. डोळे गेले तसे पायही चालले. उद्या येत नाही. मशीन विकायला काढलंय. तू जिंक हं."

नेमके त्याच वेळी अण्णा जिन्याचा कठडा धरत वर आले होते. ती त्यांच्याकडे वळली.

"अण्णा, एका बाईंची समजूत घालायचीय. काय लिहू सांगा ना."

त्यांनी मजकूर वाचला. वृंदाला वाटलं, ते आता चार धीराचे शब्द सांगतील. पण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून पडद्यावर टाकला. तळं, देवदार, धुकं, सगळं झाकलं गेलं.

"वेग घे," ते म्हणाले.

"आत्ता? अहो, त्यांना आधी उत्तर—"

"वेग घे. आता पाय सोड. चाक थांबेपर्यंत बोलायचं नाही."

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. वृंदाने पाय सोडले. पूर्वी तिच्या एका लांब श्वासात चाक थांबत असे. आता तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, तरी चाकाची गुणगुण चालूच होती. झाकलेल्या पडद्यापुढे, संध्याकाळच्या उजेडात, तो बारीक आवाज संपता संपेना. तो थांबण्याआधीच वृंदाची मान खाली गेली.

मग अण्णा सावकाश बोलू लागले.

"चाक इतकं मोकळं झालंय, आणि यंत्र त्याला अजून जड समजतं. जे ओझं तू ओढलंच नाहीस, त्याचं श्रेय तुला मिळालं. ते आकाशातून नाही पडलं, बाळ. त्या बाईंच्या पायांतून आलं. हा घाट खोटा आहे असं मी कधी म्हटलं नाही. दोन माणसं मिळून जे स्वप्न बघतात, ते त्या दोघांपुरतं खरंच असतं. म्हणून तर जपायचं. तू स्वप्नात माप वाढवलंस, आणि त्या जागेपणी आपल्या पायांवर संशय घेत बसल्या. आता त्यांना धीर देऊ नकोस. धीर त्यांच्याकडे आहे. माप दे."

वृंदा रडली. मग तिने पंचा बाजूला केला आणि लिहिलं, "कुमुदताई, तुमचे पाय संपलेले नाहीत. माझं यंत्र फुगवून दाखवत होतं आणि मला ते माहीत होतं. उद्या एकदा या." उत्तर आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिने चाक तापवलं, वेग घेतला, पाय सोडले आणि ते थांबेपर्यंत ऐकत बसली. आकडे धाडकन खाली आले. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर पिवळा सदरा नव्हता. दुसऱ्या वळणावर एकेक जण तिला मागे टाकू लागला. घाट पुन्हा घाट झाला होता. मांड्या पेटल्या होत्या, धुकं दाट होत चाललं होतं आणि पहिला क्रमांक हातातून गेल्याचं तिला स्पष्ट दिसत होतं. त्याचं दुःख झालंच.

तेवढ्यात मागच्या धुक्यातून एक पिवळा ठिपका वर आला. तो मोठा होत होत तिच्या शेजारी आला, क्षणभर बरोबर चालला आणि मग पुढे होऊन तिच्यासमोर स्थिरावला. वृंदा त्याच्या मागे चिकटली. समोरचा वारा कमी झाला. देवदारांची रांग सरत गेली. माथ्यावर कुमुदताई आधी पोचल्या आणि मागोमाग वृंदा.

तिने पाय सोडले. चाक हळूहळू मंदावलं. आजही जिना चढून आलेल्या अण्णांनी डोळे मिटले होते.

कोपऱ्यात अक्षरं उमटली. "काल रात्रभर तुझ्यावर रागावले होते. अजूनही आहे थोडी. मशीन न्यायला माणूस आला होता, त्याला परत पाठवलं. उद्या पहिल्या वळणावर थांबते."

वृंदाने ते दोनदा वाचलं. मग चाक पुरतं थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.

आपल्या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी तोच घाट चढत असतं. पुढे निघण्यापूर्वी आपलं चाक थांबेपर्यंत ऐकावं, ते त्यांच्यासाठी.