टोनच्या बटणाचं टोपण

“मास्तर, एकदाच सांगून टाका. हे टोनचं बटण खरोखर कोणी फिरवतं का?”

शार्दूलनं गिटार मांडीवर आडवी धरली होती आणि बोट त्या बटणावर ठेवलं होतं. नुसतं ठेवलं होतं. शेजारच्या आवाजाच्या बटणावरचे आकडे घासून पुसून गेले होते. टोनच्या बटणावरचे एक ते दहा मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखे कोरे.

पास्कूमास्तर चुलीवरच्या किटलीकडे बघत राहिले.

“फिरतं का ते?” त्यांनी विचारलं.

“फिरत असेल की. कधी बघितलं नाही.”

“हं…”

पास्कूमास्तर म्हणजे पास्कल सोज. तीस वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, मग दात गेले, केस गेले, आणि जे उरलं ते घेऊन आंबोलीला येऊन राहिले. त्यांच्या जागेवर आता हा शार्दूल नलवडे, इचलकरंजीचा. बोटं अशी की तारांना घाम फुटावा. आणि मी ढोलकीवाला. मला साक्षीला पाठवलं होतं. मी खोटं बोलत नाही असं आमच्या मालकांना वाटतं. मालकांना बरंच काही वाटतं.

भांडण होतं शालनअक्कांच्या गाण्यावरून. अक्का चाळीस वर्षं गातायत. आवाज आता धुवून धुवून विरलेल्या लुगड्यासारखा झालाय. पण उजेडात धरला तर पलीकडचं सगळं दिसतं. गेल्या कार्यक्रमात त्यांचं ते संथ गाणं चालू होतं. अर्ध्या ओळीवर त्या थांबल्या, माइक पेटीवर ठेवला आणि मागे जाऊन खुर्चीत बसल्या. एवढंच म्हणाल्या, की त्या पोराला सांगा, ते दुसरं बटण जरा मिटव.

शार्दूल सगळ्यांदेखत म्हणाला, ते बटण कोणीच वापरत नाही. शोभेला असतं. त्यानं म्हणे दहा गिटारवाल्यांना विचारलं होतं. नऊ जण म्हणाले कायम दहावर. दहाव्याला आपल्या गिटारीला असलं बटण आहे हेच ठाऊक नव्हतं. अक्कांचा आवाज गेला, त्याला गिटार काय करणार?

हे शेवटचं तो अक्कांच्या समोर बोलला. अक्का पदर सारखा करत राहिल्या.

मालकांनी निकाल लावला. म्हणजे लावला नाही, मास्तरांवर ढकलला. मास्तर म्हणाले ‘कोणी वापरत नाही’, तर अक्कांचं गाणं इथून पुढे बंद. मास्तर म्हणाले ‘वापरतात’, तर शार्दूलनं बटण फिरवायचं, नाहीतर गिटार उचलून इचलकरंजी गाठायची. रविवारच्या आत.

म्हणून शुक्रवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून घाट चढून वर आलो होतो. घाटभर शार्दूल शीळ घालत होता.

मास्तरांनी किटलीचं झाकण उघडलं. झाकणाची मूठ कधीच पडून गेली होती, तिथं नुसतं भोक होतं. सदऱ्याचं टोक धरून त्यांनी झाकण उचललं, तरी बोट भाजलंच. बोटावर फुंकर घालत म्हणाले,

“वाजव बघू.”

शार्दूलनं आवाज वाढवणारा आपला छोटा अॅम्प पडवीत लावला आणि एक तुकडा असा सोडला की अंगणातली कोंबडी विचार न करता शेजाऱ्यांकडे गेली. मला मनातून आवडलं. मास्तरांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

“छान. आता अक्कांचं गाणं. मी गातो, तू साथ कर.”

मास्तर गायला लागले. बिनदाताच्या तोंडातून वारा येतो तसं काहीतरी येत होतं. ओठ हलताना दिसत होते, ऐकू गिटारच येत होती. चकचकीत, धारदार, प्रत्येक सूर कात्रीनं कापून ठेवल्यासारखा.

मास्तर थांबले. “मी काय गायलो?”

“आवाज चढवा ना मास्तर.”

“आहे तेवढा चढवलाय.”

शार्दूलनं उसासा टाकला आणि आवाजाचं बटण पार खाली आणलं. मास्तर पुन्हा गायले. आता ते ऐकू येत होते, पण मध्येच त्यांनी मान वळवली आणि पडवीभर बघायला लागले, जसं काही हरवलंय.

“कुठं गेलास रे, पुता? मी एकटाच गातोय.”

“तुम्हीच तर…” शार्दूल म्हणाला.

तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं वर आलं. आंबोलीचं धुकं येतं ते विचारून येत नाही. आधी रस्ता गेला. मग कुंपण. अंगणाच्या टोकाला मोठा फणस उभा होता; त्याची पानं पुसली गेली, फांद्यांच्या कडा विरघळल्या, आणि तरी फणस तिथंच होता. उलट जास्तच होता. आणि त्याच्या मागे कुठंतरी ओढा वाहत होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. तासभर तिथं बसलो होतो, ओढा आहे हे कळलंच नव्हतं.

धुकं पडवीत आलं, अॅम्पवर बसलं, शार्दूलच्या पापण्यांवर बसलं.

मास्तरांनी हात लांब केला आणि गिटारीवरचं ते बटण धरलं. गिटार घेतल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा जागं झालेलं, कुरकुरलं.

“वाजव.”

शार्दूल वाजवू लागला. मास्तर पुन्हा तेच गाऊ लागले, आणि गाताना बटण फिरवत राहिले… थोडं इकडे, थोडं तिकडे, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं. गिटार होती. पुरती होती. फक्त तिच्या कडा गेल्या होत्या, आणि त्या कडांच्या जागी म्हाताऱ्याचा विरलेला आवाज येऊन बसला होता. शब्दन् शब्द ऐकू आला. ढोलकीवाल्याला सहसा शब्द ऐकू येत नाहीत, तरी आला.

गाणं संपलं. ओढा चालूच होता.

शार्दूलनं खाली वाकून घाईघाईनं बघितलं. “कितीवर ठेवलंत? चार? साडेचार?” आणि खिशातून पेन काढलं. मनगटावर लिहून घेणार होता.

मास्तरांनी बटणाचं टोपण चिमटीत धरलं आणि सरळ वर ओढलं. टक्क आवाज झाला. आकड्यांचं टोपण त्यांच्या हातात आलं, गिटारीवर नुसती लोखंडी दांडी उरली. ते टोपण त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“अहो मास्तर… आता मला कळणार कसं?”

मास्तरांनी त्याच्या कपात चहा ओतला.

येताना घाटात शीळ नव्हती. मालकांनी विचारलं, काय म्हणाले मास्तर? मी खरं ते सांगितलं: बटण काढून घेतलं. आता हे ‘वापरतात’मध्ये धरायचं की ‘वापरत नाहीत’मध्ये, हे मालकांना रविवारपर्यंत ठरवता आलं नाही. म्हणून अक्कांचं गाणं राहिलं, आणि शार्दूलही राहिला.

रविवारी सावंतवाडीला हॉल भरला होता. अक्का उभ्या राहिल्या. शार्दूलकडे बघितलं नाही. शार्दूलनं मात्र त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा पळून जातो.

पहिल्या ओळीला गिटार तशीच धारदार आली. अक्कांचा माइक धरलेला हात खाली यायला लागला. मी ढोलकीवरचा हात आवरता घेतला. पुढे काय होणार ते मागच्या वेळी बघितलंच होतं.

शार्दूलची करंगळी दांडीवर गेली. आकडा नाही, खूण नाही. बघण्यासारखं तिथं काही नव्हतंच, म्हणून तो अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी श्वास घेतला की करंगळी हलायची. ओळ वर गेली की थोडी उघडायची, ओळ खाली आली की मिटायची. हॉलमध्ये धुकं शिरावं तसं झालं. दिवे तेच, माणसं तीच, पण सगळी त्या फणसासारखी बसलेली.

अक्कांचा हात पुन्हा वर आला. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. तिथं पोचल्यावर त्यांनी ती ओळ आणखी एकदा म्हटली. चाळीस वर्षांत कधी म्हटली नव्हती. मी ठेका चुकलो. कोणाला कळलं नाही, आणि तुम्हीही कोणाला सांगू नका.

मागे आल्यावर शार्दूल अक्कांपुढे उभा राहिला. अक्कांनी त्याच्या करंगळीला हात लावून बघितला. दांडीनं कातडं सोललं होतं. त्यांनी आपल्या पिशवीतून हळदीची पुडी काढली.

सोमवारी मालकांनी आम्हाला परत वर धाडलं. सोक्षमोक्ष लावून या म्हणाले. वापरतात की नाही, एका शब्दात.

मास्तर चुलीपाशीच होते. धुकं अंगणात आपल्या घरचं असल्यासारखं बसलं होतं. शार्दूल पडवीच्या कडेला टेकला आणि ओढा ऐकू लागला. टोपण मागायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

म्हणून मीच विचारलं. म्हटलं, मास्तर, मला साक्ष द्यायची आहे. गिटारवाले ते टोनचं बटण खरोखर वापरतात का?

मास्तरांनी किटलीकडे हात नेला. झाकणाच्या भोकात स्क्रू घालून एक काळी मूठ घट्ट बसवली होती. तिच्यावर एक ते दहा आकडे होते, दुकानातून आत्ताच आणल्यासारखे कोरे. ती चिमटीत धरून त्यांनी झाकण अलगद उचललं. बोट भाजलं नाही.

“हो म्हणून सांग,” मास्तर म्हणाले. “चहाला.”