वेळूमाचीत कुणी छान म्हणत नाही

पाहुणे, जरा इकडं सावलीला बसा. रागावून बोलत नाही. पण आत्ता वेशीत त्या लहान पोरीचा नवा परकर बघून तुम्ही "अगंबाई, किती छान!" म्हणालात आणि तिच्या आईनं तोंड फिरवून पोरीला ओढत घरात नेलं, ते बघितलंत ना? तुम्हाला वाटलं असेल, काय माणसं आहेत, सणासुदीला दोन शब्द गोड बोललेले खपत नाहीत. तसं नाही ते. वेळूमाचीत मुलांच्या सणाच्या कपड्यांना छान म्हणायचं नसतं. सुंदर नाही, झकास नाही, नुसती मानसुद्धा डोलवायची नाही. दिवाळीला पोरं नवं घालून देवळात येतात, पाया पडतात, आणि अख्खं गाव बघून न बघितल्यासारखं करतं.

तो समोर कातळात गोल खड्डा दिसतो ना, मोठ्या कढईएवढा, त्याला आत्याची कढई म्हणतात. त्यात बाराही महिने पाणी असतं आणि पाण्यावर तेलाचा तवंग. भर वैशाखात गुरं तहानेनं कासावीस झाली तरी त्याला तोंड लावत नाहीत. मागं शहरातून एक मास्तर आले होते, ते म्हणाले दगडातच काहीतरी असेल. असेल बुवा. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो ते सांगतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, हे आमच्याच घराण्यात घडलं आणि आमच्या माणसांनी त्यात चांगलं असं काही केलेलं नाही.

सात-आठ पिढ्यांपूर्वी भिवजी म्हणून आमचा मूळपुरुष इथं राहत होता. त्याची थोरली बहीण साळू. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली, ती कायमचीच. भावानं तिला हाकललं नाही, पण धड घरातही घेतलं नाही. गोठ्याला लागून पडवी होती, तिथं तिला वेगळी चूल मांडून दिली. भिवजीच्या बायकोचं नाव सगुणा. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी झाली मुलगी, ती जगली.

आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो कुणी कसा नाकारणार? साळूनं बाळाच्या कानात 'हौसा' असं नाव सांगितलं आणि स्वतः शिवलेली कुंची तिच्या डोक्यावर घातली. जुन्या खणाचे तुकडे जोडून केलेली, पण टाके असे बारीक की शिवण बोटाला लागत नव्हती. चारचौघींत सगुणानं ती राहू दिली. पंगत बसल्यावर मात्र तिनं कुंची काढली, आणि दुसऱ्या दिवशी साळूला ती चुलीपाशी दिसली. तापलेली भांडी उतरवायला फडकं हवं होतं म्हणे.

सगुणा फार दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. दोन मुलं मातीत ठेवलेली बाई होती ती, आणि वांझेच्या हातचं लेकराच्या अंगाला लागू नये असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. ती भ्यालेली होती. पण त्या भीतीपायी तिनं साळूचे जे हाल केले, ते एखाद्या वैऱ्यानंसुद्धा केले नसते.

दर दिवाळीला साळू हौसासाठी काहीतरी शिवायची. अंगावर माप घ्यायची सोय नव्हती, कारण पोरीला हात लावू देत नसत. अंगणात खेळताना लांबून बघायची, वीतभर इकडं, चार बोटं तिकडं असा अंदाज बांधायची, आणि वर थोडं वाढत्या अंगाचं ठेवायची. एका वर्षी झबलं शिवलं, ते धान्याच्या कणगीच्या तोंडाला बांधलं गेलं. एका वर्षी परकर शिवला, तो वासराच्या पाठीवर झूल म्हणून गेला. एका वर्षीच्या पोलक्याचं जातं पुसायचं फडकं झालं. घरचं दळण साळूकडंच होतं. आपणच घातलेले टाके पीठ पुसून पुसून झिजताना ती रोज सकाळी बघायची.

गावात बांगड्या भरायला काशी कासारीण यायची, खालच्या वाडीची. तिच्याशी साळू मन मोकळं करायची. एकदा काशी म्हणाली, "कशाला शिवतेस गं? हाताची हाडं झाली तुझ्या." तर साळू म्हणाली, "एकदा पोरीनं माझ्या हातचं अंगात घालावं, आणि आत्या, छान झालंय म्हणावं. मग सुई ठेवून देईन." बाकी काही मागणं नव्हतं तिचं, ना भावाकडं, ना देवाकडं.

हौसाला सातवं लागलं त्या वर्षी साळूनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं पेटीतून काढलं आणि कात्री लावली. त्याचा परकर बेतला. उरलेल्या तुकड्यांतून काठावर लावायला अकरा राघू कापले, खणाच्या चिंधीच्या लाल चोची लावल्या. डोळ्यांना काळा दोरा हवा होता. तो सगुणाच्या डब्यात होता.

"वहिनी, वीतभर काळा दोरा द्या," साळूनं दारातून मागितलं.

"सणाच्या तोंडावर काळा दोरा कशाला लागतो तुम्हाला, वन्सं?" सगुणा म्हणाली आणि डबा फळीवर सरकवून ठेवला.

हौसा आता मोठी झाली होती, पाय फुटले होते तिला. दुपारी आई कलंडली की ती चोरून पडवीत यायची. तिनं परकर मांडीवर पसरून घेतला, एकेका राघूवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आत्या, राघूंना डोळेच नाहीत. मग मी त्यांना दिसणार कशी?"

साळूला हसू आलं. बऱ्याच वर्षांनी आलं असेल. आणि पोरीच्या त्या एका बोलण्यापायी तिनं पुढचा विचार केला नाही. डोक्यावरचा पदर मागं सारला, आपलाच एकेक लांब केस उपटून सुईत ओवला. अकरा राघूंचे अकरा डोळे त्या दुपारी केसानं भरून झाले. हौसा शेजारी बसून मोजत होती. परकर तिथंच घालून बघायचा हट्ट तिनं धरला, तर साळू म्हणाली, "आज नको, दिवाळीला घाल." ह्या खेपेला साळूनं तो सगुणाच्या हाती दिलाच नाही, पोरीच्याच हाती दिला.

नरकचतुर्दशीला पहाटे हौसाला तेल-उटणं लावून आंघोळ घातली. सगुणानं पेठेतून आणलेला जरीचा परकर पुढं केला, तर पोरीनं तो भिरकावला. कुठं दडवून ठेवला होता तो आत्याचा परकर काढला, नेसली, आणि आई हात धरेपर्यंत अंगणातून थेट देवळापुढं. अख्खं गाव जमलेलं. ती गर्रकन गिरकी घेऊन सांगत होती, "आत्यानं शिवलाय. बघा तरी. माझ्या आत्यासारखं छान कुणाला येत नाही."

देवळासमोरच असलेल्या गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन साळू उभी होती. तिनं ते ऐकलं. असं सांगतात की ती पाटी तशीच डोक्यावर राहिली, खाली ठेवायचं तिला सुचलं नाही, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिचं मागणं पुरं झालं होतं. तेवढा एक दिवस, आणि त्यातलाही सकाळचा घटकाभर वेळ, साळू सुखात होती.

सगुणानं परकर उतरवायला घेतला तर पोर भुईवर लोळली, चावली, नाडी सोडू देईना. दुपारी तिला ताप भरला. पहाटेचा गार वारा, त्यात रिकाम्या पोटी करंज्या, आणि रडून रडून दमलेली, ताप येणारच. पण तापातही दोन्ही मुठींत परकर घट्ट. सगुणा म्हणाली, सोड. हौसा म्हणाली, "नाही सोडणार. ह्यात आत्याचे केस आहेत." मोठ्या अभिमानानं म्हणाली ती.

मग काय राहिलं? सगुणानं राघूचा डोळा नखानं उचकटला, केस निघाला. वांझेचा केस लेकराच्या कपड्यात. करणी, दुसरं काय! पोर कपडा सोडत नाही, इतका आवडला, हाच पुरावा धरला गेला. तासाभरात पंच ह्या कातळावर बसले. तापलेल्या पोरीला आईच्या मांडीवर घालून समोर आणली आणि साळूला उभी केली.

पंचांनी दोन वाटा ठेवल्या. साळूनं आपल्या हातानं परकर उतरवावा, जाळावा, हे वाईट होतं असं पोरीला तोंडावर सांगावं आणि गावात गप्प राहावं. नाहीतर दिव्य करावं. भिवजी खाली मान घालून म्हणाला, "आक्का, वाईट होतं म्हण आणि सुटून जा. काय जातंय तुझं?"

साळूनं पोरीकडं बघितलं. परकराकडं बघितलं. म्हणाली, "मी वाईट शिवलेलं नाही."

सकाळी करंज्या तळलेली घरचीच कढई तीन दगडांवर चढवली. तेलातून धूर निघायला लागला तशी साळूचीच सुई तिच्या पदरातून काढून आत टाकली. खरी असशील तर काढ, हात पोळणार नाही. साळूनं उजवा हात मनगटापर्यंत घातला. सुई बारीक. पहिल्यांदा सापडली नाही. दुसऱ्यांदा घातला, आणि सुई काढून पंचांपुढं ठेवली. पंचांनी सुईकडं बघितलंसुद्धा नाही. हाताकडं बघितलं. हात भाजला, म्हणजे बाई खोटी. दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं ठरलं.

ह्या सगळ्यात हौसा डोळे मिटत नव्हती. तिनं आईला विचारलं, "मी छान म्हणाले म्हणून झालं का गं हे?"

आणि सगुणानं, पोर एकदाची गप्प बसावी, परकर सोडावा म्हणून सांगितलं, "हो. म्हणूनच."

पोरीनं आपल्या हातानं नाडी सोडली. परकर तेलात गेला. संध्याकाळी ताप उतरला, तो उतरणारच होता, पण गावानं एकमेकांना टाळ्या दिल्या, बघा, करणी निघाली. ती कढई पुन्हा कुणी घरात घेईना. इथंच पडून राहिली, आणि तिच्या भारानं कातळ खचून हा खड्डा झाला म्हणतात.

साळूला काशीनं खालच्या वाडीत नेलं. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून गाठ झाली. वर्षभर ती डाव्या हातानं सुई धरायला शिकत होती. पुढच्या दिवाळीला तिनं पोलकं शिवलं आणि काशीच्या बांगड्यांच्या टोपलीत घालून वर पाठवलं. मापाचा तर आता नुसता अंदाजच. काशीनं ते विहिरीवर गुपचूप हौसाला दिलं. पोरीनं उराशी धरलं. काशी म्हणाली, "काय सांगू आत्याला? कसं झालंय?" हौसानं दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले आणि नाही अशी मान हलवली.

काशी परत आली तेव्हा साळू वाटेवर येऊन बसली होती. "काही म्हणाली का?"

"घेतलं. म्हणाली काहीच नाही."

साळू म्हणाली, "टाके वाकडे पडलेत. डावा हात ना. पुढच्या वर्षी नीट घालते."

पुढच्या वर्षी नीट घातले. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून बारीक. नऊ वर्षं अशी गेली. हौसाचं लग्न झालं, गावातच दिली, तरी दर दिवाळीला टोपलीतून काहीतरी यायचं, आणि दरवेळी काशी खाली जाऊन तेच सांगायची. नवव्या वर्षी साळू आजारी होती. तिनं विचारलं, काशीनं सांगितलं. "एकही बरं झालं नाही म्हणजे," साळू म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. चार दिवसांत गेली.

काशीला हे सहन होईना. ती तडक वर आली आणि हौसाच्या दारात उभी राहून तिला वाटेल तसं बोलली. दगड आहेस म्हणाली. जाताना तुझी आत्या म्हणाली, माझं एकही बरं झालं नाही. हौसानं सगळं ऐकून घेतलं. मग आतून पेटी आणून उघडली. नऊच्या नऊ कपडे त्यात होते. चोरून घालून घालून विरलेले, जागोजाग रफू केलेले, लहान झालेले उसवून मोठे केलेले.

"मग तोंडानं एक शब्द का नाही बोललीस?" काशी म्हणाली.

"एकदा बोलले होते," हौसा म्हणाली. "त्यात तिचा उजवा हात गेला. डावा जायला नको होता."

साळूला हे कुणी सांगायचं राहूनच गेलं. हौसानं पुढं आपल्या मुलांचे सणाचे कपडे त्यांच्या आत्याकडूनच शिवून घेतले, पण त्यांना कुणाला छान म्हणू दिलं नाही. कुणी म्हणालंच तर धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवायची. लोक आधी हसले, मग भ्याले, मग त्याचा रिवाज झाला.

आजही वेळूमाचीत दिवाळीचा पहिला कपडा मुलांना आत्याच शिवते. यंत्रावर नाही, हातानं. तीन-तीन महिने आधी बसतात आमच्या बायका. पोर ते घालून बाहेर पडतं, देवळाकडं जातं, आणि कुणीही काही बोलत नाही. आत्याला कारण ठाऊक असतं, तिनंही लहानपणी हेच केलेलं असतं. तरीपण पोर वळणावरून दिसेनासं होईपर्यंत ती दारातून हलत नाही.