उद्यापन नसलेल्या वशाची कहाणी

ऐका बायांनो, कुशाबा रंगाऱ्याच्या वशाची कहाणी. आटपाट नगराबाहेर नदीकाठी रंगाऱ्यांची आळी होती. तिथं कुशाबा राही. त्याची बायको चिमा. त्यानं रंगवलेलं निळं लुगडं राणी नेसे.

एके दिवशी काय झालं? रंगाच्या रांजणातून त्याला आवाज ऐकू येऊ लागले. "कुशाबा, चिमा तुझ्या ताटात विष कालवते." तो ताट दूर सारी. आवाज गप्प करायला ताडी पिई. पहिल्या पेल्याला आवाज निजत, तिसऱ्या पेल्याला दुपटीनं उठत.

चिमेनं ताडीचं मडकं फोडलं. आवाजांनी त्याला खाल्लं, तो पुन्हा प्याला. मग वैद्याची पुडी आणली. ताडीनं पुडी धुऊन नेली, आवाज परतले. मग देवळात नेऊन खांबाला बांधलं. मनगटं सोलली, गुण आला नाही.

मोठी जाऊ म्हणाली, "चिमे, माहेरी जा. हा आता माणसांत येत नाही."

माहेर नदीपलीकडे. चिमा रडत नावेत बसली. म्हाताऱ्या नावाड्यानं विचारलं, "बाई बाई, का रडतेस?"

"बाबा, ताडी सोडवते तर आवाज खातात, आवाज आवरते तर ताडी खाते."

"दोन्ही एकाच घरचे पाहुणे. एकाला वाढून दुसऱ्याला हाकलता येत नाही. मी वसा सांगतो. उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"वसा त्यानं घ्यावा, तू सोबत करावी. सकाळी वैद्याची पुडी घ्यावी. ताडीला शिवू नये. हाताला काम द्यावं. सांजेला माझ्यापाशी यावं, काय ऐकू आलं ते न लाजता सांगावं. घरच्यांनी वेडा म्हणू नये."

चिमा त्याच नावेतून परतली. कुशाबाला विचारलं. पहिल्या दिवशी तो ओरडला. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चिमे, मी दमलोय. चल."

वर्ष सरलं. कुशाबा जेवू लागला, हसू लागला. मग जाऊ म्हणाली, "वर्ष भरलं, व्रत फळलं. आता उद्यापन करा. उजवल्यावाचून व्रत पावत नाही." पाच मेहुणं जेवली. वाणं दिली. कुशाबानं स्वतःच्या हातानं पुड्यांची परडी नदीत सोडली.

मग पंधरवड्यानं रांजण बोलला. मग महिन्यानं ताडी आली. चिमा नावाड्याकडे धावली. "बाबा, उतले नाही, मातले नाही, तरी देव कोपला."

"वसा टाकलात का?"

"टाकला नाही, उजवला."

नावाडी हसला, मग त्याचं हसू विरलं. "अगं पोरी, जेवण झालं म्हणून चूल मोडतेस का? या वशाला उद्यापन नाही." त्यानं कनवटीची पुडी काढून दाखवली. "एकेचाळीस वर्षं घेतोय."

"बाबा, तुम्हांलाही?"

"मलाही. तीनदा उजवला, तीनदा बुडालो."

"मग आवाज गेले?"

"कमी झाले. काही अजून नावेत बसतात. वल्हं त्यांच्या हाती देत नाही."

चिमा रागावली. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"जन्मभर म्हटलं असतं, तर परतली असतीस का? चुकलंही असेल माझं. अजून मला कळत नाही."

चिमा घरी आली. कुशाबा मान खाली घालून बसला होता. "मी मोडला वसा. आता सगळं पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून कशाला? वर्षभर केलंत ते कुठं गेलं नाही. आजपासून."

तिसऱ्या वर्षी तो पुन्हा घसरला, महिन्यानं सावरला. सातव्या वर्षी घसरला, चौथ्या दिवशी आपणहून नावाड्याच्या दारी गेला. कशानं सावरला, पुडीनं की सोबतीनं, हे सांगणाऱ्याला नेमकं ठाऊक नाही.

बारा वर्षं भरली. जाऊ म्हणाली, "भाऊजी, तप झालं. आता तरी उद्यापन?"

कुशाबा म्हणाला, "वहिनी, मेहुणं जरूर बोलवा. वाणंही द्या. मी आधी पुडी घेतो, मग वाढायला येतो."

जसा चिमेला कुशाबा लाभला, तसं ज्याचं माणूस हरवलं असेल त्याला ते लाभो. एकदम नाही तर थोडं थोडं लाभो. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. सुफळ झाली. संपूर्ण व्हायला उद्या आहे.