पाठीवरून घेतलेला कौल

गायबगळा म्हशीच्या पाठीवर बसतो, हे तुम्ही पाहिलंय ना? फार पूर्वी असाच एक बगळा कळपाची म्होरकी काजळी हिच्या पाठीवर बसायचा. नदीकाठचा चारा संपत आला, तेव्हा सिंगारी नावाची म्हैस म्हणू लागली, “माझ्या मागून चला, मी तुम्हाला डोंगरापलीकडे नेते.”

काजळीला काळजी लागली. “बगळेदादा, कळपाला कोण हवंय ते जरा विचार. मी नको असेन, तर मी आपली मागून चालेन.”

बगळ्याने तिच्या पाठीवरून न उतरताच एकेकीला विचारलं. काजळीची शिंगं समोर बघून जी ती म्हणाली, “काजळीबाईच की, आणखी कोण?” एक म्हातारी म्हैस तेवढी हसली, “अरे, खाली उतरून विचारलं असतंस, तर काय पाय मोडले असते तुझे?”

बगळ्याला ती थट्टा वाटली. “सगळा कळप तुझाच आहे,” त्याने काजळीला सांगितलं. ती निर्धास्त झाली आणि तिने नदीकाठीच राहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कळप सिंगारीमागून डोंगरापलीकडे निघून गेला होता. नदीकाठी काजळी एकटीच उभी होती, आणि बगळ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.