ताज्या कानांची वेळ

एकदा एका नदीकाठच्या गावात तंबोरे घडवणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. लोक त्यांना आदराने उस्ताद म्हणत. वयपरत्वे त्यांचे हात कापू लागले, ऐकूही कमी येऊ लागले, तेव्हा त्यांनी दुकान केरबा नावाच्या शिष्याच्या स्वाधीन केले. केरबा चाळिशीचा, कसबी, आणि स्वभावाने इतका मऊ की कुणाला नाही म्हणणे त्याला ठाऊकच नव्हते.

सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या की माणसे येऊ लागत. कुणाच्या पेटीचा भाता फाटलेला असे, कुणाला तार बदलून हवी असे, कुणी नुसतेच बोलत बसायला येई. ही किरकोळ कामे आधी उरकावीत आणि मग निवांतपणे जवारी काढायला बसावे, असे केरबा रोज ठरवी. जवारी काढणे म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर कानस इतकी हलकी फिरवायची की तिच्यावरून जाणारी तार भरून, घुमून बोलली पाहिजे. पण तो निवांतपणा येईपर्यंत दिवस कलून गेलेला असे.

शेजारच्या गावातल्या भागीरथीबाईंचा तंबोरा असाच महिनाभर पडून होता. भागीरथीबाई सत्तरी ओलांडलेल्या गायिका. दोन वेळा त्या येऊन रिकाम्या हाताने परतल्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्या एवढेच म्हणाल्या होत्या, की आताशा श्वास पुरत नाही. गळ्यात सूर आहे तोवर तंबोरा हाती आला तर बरे होईल. ते शब्द केरबाच्या मनाला लागले. त्याच दिवशी, सगळी गिऱ्हाइके आटोपल्यावर, त्याने कातरवेळी जवारी काढली.

तिसऱ्या खेपेला बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि तारांवरून एकदाच बोट फिरवले. पुन्हा फिरवले नाही. "छान झालाय," असे म्हणून त्या गवसणी चढवू लागल्या. केरबाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याला सारे उमगले. घोडी गरजेपेक्षा जास्त घासली गेली होती. त्याने तंबोरा त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आठवड्याची मुदत मागितली.

मग तो उस्तादांकडे गेला. दिवस पुरत नाही, मला भरभर काम करण्याची युक्ती शिकवा, अशी त्याने विनवणी केली. उस्तादांनी सारे ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उस्ताद काठी टेकत दुकानात आले. केरबाला तंबोऱ्यापाशी बसवून ते बाहेर गेले, फळ्या लावून घेतल्या आणि स्वतः पायरीवर बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडून म्हणत, "दुपारी या." ज्यांच्यासमोर गावातले मोठमोठे गवई वाकत, ते पहारेकऱ्यासारखे पायरीवर बसलेले पाहून लोक चकित झाले. गावचे पाटील तर चिडून निघून गेले. आत केरबा शरमेने अर्धा झाला. त्याचे सारे लक्ष बाहेरच्या बोलण्याकडे राहिले आणि त्या सकाळी त्याच्या हातून काहीच झाले नाही.

दुसऱ्या सकाळीही उस्ताद पायरीवर बसले आणि आत केरबाने नवी घोडी बसवली. तिसऱ्या सकाळी बाहेरचे आवाज त्याला ऐकू येईनासे झाले. त्याने कानस फिरवली, तारेखाली स्वर खुलवणारे सूत सरकवले, थांबला, ऐकले, पुन्हा सरकवले. आणि अचानक तार उमलली. सबंध खोली त्या स्वराने भरून गेली.

तो फळी सारून उस्तादांना आत घेऊन आला. उस्तादांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला आणि केरबाला तार छेडायला सांगितले. कान साथ देत नव्हते. ते हातानेच ऐकत होते. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.

"उस्ताद," केरबा म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी पायरीवर का बसलात?"

"दिवस पुरत नाही, असं तू म्हणालास. दिवस सगळ्यांना सारखाच असतो, बाळा. पण तुझे कान सकाळीच ताजे असतात, आणि तो ताजेपणा तू भाते शिवण्यात घालवतोस. भाता दमलेल्या हातांनी शिवता येतो. जवारी दमलेल्या कानांनी निघत नाही."

मग ते म्हणाले, "मीसुद्धा दार कधी लावलं नाही. येणारी माणसं प्रेमानं येत, त्यांना परत कसं पाठवायचं? तुझी काकू पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. म्हणायची, घटकाभर बसा, ऐका. मी म्हणायचो, संध्याकाळी ऐकव. संध्याकाळी ती ऐकवायची आणि मला बसल्या बसल्या डुलकी लागायची. आता ती नाही. तिची एक ओवी आठवावी म्हणून रोज बसतो. शब्द आठवतात रे, तिचा आवाज नाही आठवत."

केरबाचे डोळे भरून आले. त्याने उस्तादांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

आठवडा संपताच भागीरथीबाई आल्या. त्यांनी तारांवरून बोट फिरवले, आणि ते फिरतच राहिले. मग डोळे मिटून त्यांनी षड्ज लावला. श्वास मध्येच तुटला, पण तंबोऱ्याने तो स्वर खाली पडू दिला नाही. बाई हसल्या आणि पुन्हा गाऊ लागल्या.

त्यानंतर उस्तादांना पायरीवर बसावे लागले नाही. केरबा स्वतःच दारात उभा राहून नम्रपणे सांगू लागला, की दुपारी या, तुमचे काम नक्की करून देतो. पहिले काही दिवस हे सांगताना त्याचा आवाज कापे. लोक कुरकुरत, आणि दुपारी येत. पाटीलही आले.

आपल्या प्रत्येकाच्या दिवसात ताज्या कानांची अशी एखादी वेळ असते. ती कुणाला द्यायची हे आपण ठरवले नाही, तर दारात जो पहिला येईल तोच ते ठरवतो.